घरातला टीव्ही इंटरनेटवर नेताना : इंदूरच्या मराठी घरांसाठी

इंदूरमध्ये तीन-चार पिढ्यांपासून राहणाऱ्या मराठी घरांत संध्याकाळी लागणारी मराठी मालिका ही केवळ करमणूक नसते. दिवसभर बाजारात, कचेरीत, शाळेत हिंदी बोलून घरी परतल्यावर सगळ्यांच्या कानांवर सलगपणे मराठी पडते ती बहुधा त्याच वेळी, आणि रामबाग किंवा लोकमान्य नगरसारख्या वस्त्यांतल्या ज्येष्ठ मंडळींची तर संध्याकाळची सगळी कामे त्या वेळेच्या आगेमागे बेतलेली असतात. त्यामुळे ‘आता केबल कशाला हवी, सगळे इंटरनेटवर दिसते’ असे घरातल्या तरुणांनी म्हटले, की प्रश्न फक्त महिन्याच्या खर्चाचा राहत नाही. माझे मत असे, की इथल्या बहुतेक मराठी घरांसाठी हा बदल फायद्याचा आहे. मात्र तो करताना घरात सर्वांत जास्त टीव्ही पाहणाऱ्या आणि रिमोटची सर्वांत कमी बटणे दाबणाऱ्या माणसाचा विचार सर्वांत आधी झाला पाहिजे. तसा विचार करायचा, तर चित्र घरापर्यंत येते कसे, मराठी वाहिन्या नेमक्या कुठे मिळतात आणि आपण पैसे कशाचे भरतो, हे नीट समजून घ्यावे लागते.

चित्र घरापर्यंत येते कसे

केबलच्या व्यवस्थेत शहरातल्या एका केंद्रात उपग्रहांवरून सगळ्या वाहिन्या उतरवून घेतल्या जातात, एकत्र बांधल्या जातात आणि तारेतून एकाच वेळी सगळ्या घरांकडे सोडल्या जातात. आपण पाहत असू किंवा नसू, प्रत्येक वाहिनी आपल्या सेट टॉप बॉक्सपर्यंत सतत येतच असते; ज्यांचे पैसे भरले आहेत तेवढ्याच वाहिन्या तो डबा उलगडून दाखवतो. देशातली केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्यात आली, तेव्हा दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांमध्ये इंदूर होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. घरोघरी डबा आला तो त्या सुमारास. डिशचे तत्त्वही हेच आहे, फक्त मधली तार नाही. पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सगळ्या वाहिन्या एकदम खाली पाठवतो आणि छतावरची छत्री त्या झेलते. या लहरींची वारंवारता अशी असते, की मुसळधार पावसाचे थेंब त्यांची शक्ती शोषून घेतात. मालव्यातल्या जोरदार सरीत ऐन रंगलेल्या प्रसंगी पडदा निळा पडतो तो यामुळे; त्यात छत्रीचा किंवा जोडणीचा दोष असतोच असे नाही.

इंटरनेटवरची पद्धत मुळातच वेगळी आहे. केबल आणि डिश म्हणजे सगळ्या पंगतीला एकदमच वाढणे, तर स्ट्रीमिंग म्हणजे मागेल त्याचे स्वतंत्र ताट. आपण एखादा भाग लावतो तेव्हा आपला टीव्ही त्या कंपनीच्या संगणकाकडे मागणी नोंदवतो आणि तो भाग काही सेकंदांच्या लहान-लहान तुकड्यांत आपल्याकडे यायला लागतो. प्रत्येक तुकडा कमी-जास्त स्पष्टतेच्या अनेक प्रतींमध्ये तयार ठेवलेला असतो. पुढचा तुकडा मागवण्यापूर्वी टीव्ही इंटरनेटचा वेग आजमावतो; वेग चांगला असेल तर ठसठशीत प्रत मागवतो, मंदावला असेल तर हलकी प्रत मागवतो. चित्र मध्येच थोडे धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते त्याचे कारण हेच. शिवाय टीव्ही पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवतो. तो साठा संपला आणि नवा तुकडा वेळेवर आला नाही, की पडद्यावर ते फिरणारे वर्तुळ दिसते.

लाखो लोकांनी एकाच वेळी मागणी केली तर एकाच ठिकाणचे संगणक पुरे पडणार नाहीत. म्हणून या कंपन्या आपल्या कार्यक्रमांच्या प्रती ठिकठिकाणी, इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्याच्या जवळ ठेवतात आणि आपली मागणी शक्यतो जवळच्या साठ्यातून भागवली जाते. रात्री साडेआठला आपल्या वसाहतीतल्या सगळ्याच घरांत टीव्ही सुरू असतात, आणि तेव्हा अडचण येते ती बहुधा त्या दूरच्या संगणकाची नसते. ती आपल्या भागातल्या जोडणीवर पडलेल्या ताणाची किंवा आपल्याच घरातल्या वायफायची असते. केबलमध्ये पाहणारे वाढले म्हणून चित्र बिघडत नाही. इथे ते बिघडू शकते, आणि हा फरक स्वीकारूनच पुढे जावे लागते.

थेट सामन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी माहीत असावी. तुकडे तयार करणे, पोहोचवणे आणि साठवणे यांत वेळ जातो, त्यामुळे स्ट्रीमिंगवरचा सामना केबलवरच्या सामन्यापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतो. शेजारच्या घरात केबल असेल तर षटकाराचा जल्लोष भिंतीपलीकडून आधी येईल आणि चेंडू आपल्या पडद्यावर नंतर. ज्या घरात क्रिकेट मनापासून पाहिले जाते, तिथे ही बाब किरकोळ मानू नये.

किती वेग हवा, आणि वायफायचे काय

इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट याप्रमाणे सांगतात, आणि वापरलेला डेटा जीबीमध्ये, म्हणजे बाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ३० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला साधारण पावणेचार मेगाबाइट आणते, तीस नव्हे. नेटफ्लिक्स ही कंपनी पूर्ण एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. इतर सेवांची गरजही साधारण एवढीच आहे. म्हणजे घरात दोन टीव्ही एचडीमध्ये चालू असतील आणि दोन-तीन फोन हाताळले जात असतील, तरी ३० एमबीपीएस पुरेसे ठरतात. शंभर-दोनशे एमबीपीएसचा महागडा प्लॅन केवळ टीव्हीसाठी घेण्याचे कारण नाही.

डेटाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. ५ एमबीपीएसने तासभर पाहिले तर सव्वादोन जीबी लागतात. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला सुमारे ३३८ जीबी होतात. घरगुती फायबर जोडणीला ‘अमर्याद’ म्हणत असले, तरी तिला बहुतेकदा एक मर्यादा असते आणि तिच्यानंतर वेग कमी होतो. ती साधारणपणे हजारो जीबींत असल्यामुळे सामान्य घर तिथवर पोहोचत नाही. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवायचे मात्र मनातून काढून टाकावे. रोजच्या २ जीबीत एचडीचा एक तासही पुरता होत नाही.

प्लॅन पुरेसा असूनही चित्र अडखळत असेल, तर पहिला संशय वायफायवर घ्यावा. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून लांब जातात, परंतु त्यांच्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीत लवकर क्षीण होतात. जुन्या इंदुरातल्या जाड भिंतींच्या घरांत राउटर दर्शनी खोलीत आणि टीव्ही माजघरात असेल, तर कितीही महाग प्लॅन उपयोगी पडत नाही. राउटर टीव्हीच्या खोलीत आणावा, किंवा राउटरपासून टीव्हीपर्यंत एक साधी लॅन वायर टाकून घ्यावी. वायरमनच्या तासाभराच्या कामात जी समस्या कायमची सुटते, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे दर महिन्याला जास्त पैसे भरत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

वीज गेली की काय, याचाही विचार आधी हवा. डिश असलेल्या घरात इन्व्हर्टरवर टीव्ही आणि डबा घेतला की काम भागते. इंटरनेटच्या टीव्हीसाठी राउटर आणि फायबरचा डबाही इन्व्हर्टरच्या जोडणीवर असावा लागतो. अनेक घरांत हे दोन्ही अशा प्लगवर असतात जिथे इन्व्हर्टरची लाइन आलेलीच नसते. यांना वीज अगदी थोडी लागते, तेव्हा त्यांच्यापुरता छोटा यूपीएस घेतला तरी चालतो.

मराठी वाहिन्या : इथली खरी गरज

महाराष्ट्रातल्या वाचकाला कदाचित लक्षात येणार नाही, पण इंदुरात केबलवाल्याच्या नेहमीच्या पॅकमध्ये हिंदी वाहिन्यांची रेलचेल असते आणि मराठी वाहिन्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. यामागचे नियम समजले तर आताच्या बिलातही बचत होऊ शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नव्या दरव्यवस्थेनुसार २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची स्वतंत्र किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क मिळाला. बिलाचे दोन भाग पडले. पहिला भाग जाळे वापरण्याचे शुल्क. ते सुरुवातीला पहिल्या १०० वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये अधिक कर असे होते, पुढे तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या देणे आवश्यक झाले, आणि २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून घेतली. दुसरा भाग आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचा किंवा त्यांच्या एकत्रित पॅकचा. आपले बिल हातात घेऊन कोणती वाहिनी घरात कोणीच पाहत नाही, एवढे जरी शोधले तरी पुष्कळ घरांचा खर्च तिथेच खाली येतो. मराठी वाहिन्या सुट्या मागण्याचा हक्क इंदुरातल्या ग्राहकालाही तितकाच आहे, हे केबलवाल्याला शांतपणे पण ठामपणे सांगावे.

इंटरनेटवर मात्र शहर कोणते हा प्रश्नच उरत नाही. देशात कुठेही बसून तीच मराठी मालिका तितक्याच सहज मिळते, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मराठी माणसासाठी या बदलाचे सर्वांत मोठे मोल मला यातच दिसते. अडचण एवढीच, की सगळे मराठी एका छताखाली नाही. झी मराठीचे कार्यक्रम झी५ वर असतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचे जिओहॉटस्टारवर असतात. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार या दोन सेवा १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एकत्र आल्या, तेव्हापासून ही दोन्ही दालने एकाच ठिकाणी आहेत. सोनी मराठीचे कार्यक्रम सोनीलिव्हवर, सन मराठीचे सन एनएक्सटीवर. प्रसारभारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वेव्ह्ज नावाची सेवा सुरू केली, तिच्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुन्या संग्रहातले कार्यक्रम मिळतात. बातम्यांसाठी तर वेगळे काहीच घ्यावे लागत नाही, कारण एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी यांसारख्या वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात.

म्हणून सेवा निवडताना जाहिरात पाहून ठरवू नये. घरातल्या ज्येष्ठांना आठवड्यात कोणत्या मालिका पाहायच्या असतात, ती यादी त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी आणि प्रत्येक मालिकेपुढे ती कोणत्या वाहिनीची हे लिहावे. बहुतेक घरांत असे दिसते, की रोजच्या चार मालिकांपैकी तीन एकाच वाहिनीच्या आहेत. मग कायमची घ्यायची सेवा एकच उरते. सगळ्या वाहिन्यांवरची एकेक मालिका पाहिली जात असेल, तर तीन-चार सेवा घ्याव्या लागतील आणि तिथे केबलचा मराठी पॅक अजूनही स्वस्त ठरू शकतो. अशा घराने घाई करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

यादी करतानाच आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक वाहिनीचे चालू प्रक्षेपण सेवेवर थेट दिसेलच असे नाही; काही ठिकाणी मालिकेचे भाग तेवढे ठेवलेले असतात. त्यामुळे ‘वाहिनी लावून ठेवणे’ ही ज्यांची सवय आहे त्यांना चुकल्यासारखे होते. दुसरे म्हणजे नवीन भाग फुकट पाहता येतो की वर्गणी लागते, हे सेवेनुसार आणि काळानुसार बदलते. शहरातल्या केबलवर दिसणारी स्थानिक वाहिनी, तिच्यावरच्या गणेशोत्सवाच्या आणि अहिल्योत्सवाच्या मिरवणुका, हे या मोठ्या सेवांवर सापडणार नाही. त्यातले काही यूट्यूबवर मिळते, काही मिळतच नाही.

फुकटची छत्री आणि इंटरनेटच्या तारेतल्या वाहिन्या

केबल किंवा स्ट्रीमिंग असे दोनच पर्याय आहेत अशी समजूत दिसते, पण आपल्याकडे डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरची मोफत सेवा, हाही चांगला पर्याय आहे आणि शहरी मध्यमवर्गाने त्याकडे उगाच पाठ फिरवली आहे. परदेशात केबल सोडणारी माणसे गच्चीवर साधा अँटेना बसवून फुकट वाहिन्या पाहतात. आपल्याकडे दूरदर्शनने जुनी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद केली, त्यामुळे तो मार्ग उरला नाही. त्याची जागा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने घेतली. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, पुढे महिन्याला काहीही भरायचे नाही. डीडी सह्याद्री तिथे मिळते. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारी एखादी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे सांगता येत नाही. क्रिकेटच्या दृष्टीने फ्री डिशचे एक खास महत्त्व आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने खासगी वाहिनीला प्रसारभारतीबरोबर वाटून घ्यावे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते चित्र दूरदर्शनला आपल्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येते, खासगी केबल व डिशवर नाही. भारताचा सामना केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाही, पण फ्री डिशवर दिसतो, या कोड्याचे उत्तर हे आहे.

आणखी एक मार्ग म्हणजे इंटरनेटच्या तारेतून येणाऱ्या नेहमीच्या वाहिन्या. यात कंपनी आपल्याच ब्रॉडबँड जाळ्यातून वाहिन्या पाठवते. एकामागून एक वाहिन्या बदलत जाण्याची सवय मोडावी लागत नाही, फक्त छत्री नाहीशी होते आणि पावसाचा त्रास संपतो. बीएसएनएलने आपल्या फायबर ग्राहकांसाठी अशी सेवा २०२४ च्या अखेरीस सुरू केली ती सर्वप्रथम मध्य प्रदेश आणि तमिळनाडूत, आणि एअरटेलनेही २०२५ मध्ये देशभर अनेक शहरांत तशी सेवा आणली. ज्या घरात आजी-आजोबांना ॲप उघडणे जड जाते आणि तरुणांना छत्री नको आहे, तिथे हा मधला मार्ग आधी पाहावा. मात्र आपल्या वाहिन्या त्या यादीत आहेत का, हे जोडणीपूर्वी नावानिशी विचारून घ्यावे.

टीव्ही, काडी आणि रिमोट

जुना टीव्ही टाकून द्यायची गरज नाही. मागे एचडीएमआयचे छिद्र असेल तर त्यात बसणारी स्ट्रीमिंगची काडी किंवा लहान डबा घेऊन कोणताही टीव्ही ‘स्मार्ट’ होतो. पाच-सात वर्षांपूर्वीचे स्मार्ट टीव्ही पुष्कळदा मंदावतात आणि नवी ॲप त्यांच्यावर चालेनाशी होतात. तिथेही हीच काडी उपयोगी पडते. ती टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता तिच्याबरोबर आलेल्या ॲडाप्टरवर चालवावी, म्हणजे तिला पुरेशी वीज मिळते. अनोळखी बनावटीचे, ‘सगळ्या वाहिन्या जन्मभर फुकट’ असे सांगून विकले जाणारे डबे मात्र घरात आणू नयेत. त्यांच्यावरचे प्रक्षेपण चोरीचे असते, कधीही बंद पडते, आणि त्यातले सॉफ्टवेअर घरच्या वायफायवर काय करते यावर आपले कोणतेही नियंत्रण नसते. शिवाय चोरीला आळा घालणारे आवश्यक प्रमाणपत्र नसलेल्या उपकरणावर अनेक सेवा मुद्दाम कमी स्पष्ट चित्र पाठवतात, त्यामुळे पैसे भरूनही धूसर पाहावे लागते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. वीस वर्षे ज्यांनी वाहिनीचा क्रमांक दाबून टीव्ही पाहिला, त्यांच्यासमोर अचानक चौकोनांची भिंत उभी राहते. कोण पाहत आहे असे विचारले जाते, हिंदी-इंग्रजी चित्रपटांची पोस्टरे सरकत राहतात आणि कालची मालिका कुठेतरी चौथ्या ओळीत असते. हे त्यांना जमत नाही याचा अर्थ ते मागासलेले आहेत असा नाही. ही मांडणी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलीच नाही. म्हणून घरातल्या जाणत्या माणसाने थोडा वेळ काढून काही सोयी लावून द्याव्यात. पहिल्या पडद्यावर त्यांना लागणारी दोन-तीनच ॲप पुढे ठेवावीत, बाकीची मागे सारावीत किंवा काढून टाकावीत. त्यांच्या नावाचे स्वतंत्र प्रोफाइल करावे, म्हणजे नातवाच्या मारधाडीच्या चित्रपटांच्या शिफारशी तिथे येणार नाहीत आणि अर्धवट राहिलेला भाग पहिल्याच ओळीत सापडेल. ॲपची भाषा मराठीत करता येत असेल तर करावी. रिमोटवरच्या माइकचे बटण दाबून मालिकेचे नाव म्हणायला शिकवावे. टंकलिखाणापेक्षा ते पुष्कळांना लवकर जमते. शेजारी बसून तेच चार-पाच टप्पे अनेक संध्याकाळी त्यांच्याच हातून करून घ्यावेत, रिमोट आपल्या हातात न घेता. आणि ते टप्पे ठळक मराठी अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावावेत. एवढे न करता केबल बंद करणे हा माझ्या दृष्टीने ज्येष्ठांवर अन्याय आहे, कारण बिल बहुधा त्यांच्याच पेन्शनमधून जात असते.

मुलांसाठीची दक्षता थोडक्यात सांगतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या सेवांना प्रत्येक कार्यक्रमावर वयोगटाची खूण दाखवावी लागते आणि १३ वर्षांवरील गटाच्या व त्यापुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ही सोय आपोआप चालू नसते. सेटिंगमध्ये जाऊन पिन ठरवावा लागतो.

पैशांचा हिशेब

तुलना करताना एक चूक सर्रास होते : ब्रॉडबँडचे सगळे बिल टीव्हीच्या खात्यात मांडले जाते, किंवा मुळीच मांडले जात नाही. मुलांच्या अभ्यासासाठी आणि कामासाठी घरात ब्रॉडबँड आधीपासूनच असेल, तर तो खर्च टीव्ही बदलला म्हणून वाढत नाही. फक्त सेवांची वर्गणी मोजावी. ब्रॉडबँड केवळ टीव्हीसाठी घ्यावे लागणार असेल, तर त्याचे पूर्ण बिल आणि वर्गणी मिळून जी रक्कम होते ती केबलच्या बिलासमोर ठेवावी, आणि अशा घरात केबल किंवा फ्री डिश बहुतेकदा स्वस्त पडते.

वाहिन्यांच्या दरांबाबत ट्रायचे नियम असतात, तसे या वर्गणीच्या दरांबाबत नाहीत. कंपनी दर कधीही बदलू शकते, अटीही बदलू शकते. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर निर्बंध आणले, आणि प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. जाहिराती नको असतील तर वेगळे पैसे. त्यामुळे पुण्यातल्या भावाच्या खात्यावर इंदूरचे घर चालवण्याचा बेत टिकाऊ मानू नये. ब्रॉडबँड किंवा मोबाइलच्या रिचार्जबरोबर ‘मोफत’ मिळणाऱ्या सेवांचा बारीक मजकूर वाचावा, कारण त्यातल्या काही फक्त मोबाइलवर चालतात, टीव्हीवर नाही. एकाच वेळी किती पडद्यांवर पाहता येते हेही तिथेच लिहिलेले असते.

रोजच्या मालिकांची सेवा वर्षभरासाठी घेतली तर महिन्याचा दर कमी पडतो आणि ती खंडित करण्याचे कारणही नसते. चित्रपट आणि वेबमालिकांच्या सेवा मात्र वर्षभर ठेवू नयेत. एक महिना एक घ्यावी, हवे ते पाहावे, बंद करावी, मग दुसरी घ्यावी. केबलच्या काळात हे शक्य नव्हते, आणि नव्या व्यवस्थेतली ही मोकळीक न वापरणारी घरे शेवटी पूर्वीपेक्षा जास्त पैसे भरतात.

यासाठी आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर लक्ष हवे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे कार्डावरून अशी वर्गणी कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे सूचनेचा तो संदेश वाचला नाही, तर पैसे गुपचूप जात राहतात. यूपीआयवरून दिलेली मंजुरी आपल्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. टीव्हीवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे अजिबात नाही. ती खात्यात जाऊन स्वतंत्रपणे बंद करावी लागते.

केबल किंवा डिश एकदम सोडू नये. निदान एक महिना दोन्ही शेजारी-शेजारी चालवावे आणि त्या महिन्यात ज्येष्ठांनी किती वेळा डब्याचा रिमोट उचलला ते पाहावे. केबल तात्पुरती थांबवण्याची सोय मागता येते, डिशचे रिचार्ज न भरता काही काळ थांबता येते. कायमचे बंद करायचे ठरल्यावर केबलवाल्याला लेखी किंवा संदेशाने कळवावे, डबा भाड्याचा असेल तर परत द्यावा, त्याची पोच आणि अनामत भरली असेल तर ती मागून घ्यावी, आणि खात्यात उरलेली शिल्लक आधी वापरून टाकावी. छतावरची छत्री मात्र भंगारात देऊ नये. बहुतेकदा तंत्रज्ञ तीच छत्री थोडी वळवून फ्री डिशच्या उपग्रहाकडे लावून देऊ शकतो, आणि इंटरनेट बंद पडलेल्या दिवशी निदान सह्याद्री आणि बातम्या तरी घरात चालू राहतात.